आमची स्नेहलता

“मध्ये कुणी बोलायचं नाही,” असं नंदूनं बजावलं आणि पुढची पाच मिनिटं तोच बोलत राहिला.

तो टीव्हीच्या मागं वाकून वायरींशी झटत होता. पुण्याहून येताना त्यानं एक पेन ड्राइव्ह आणला होता आणि जेवताना तो दोनदा खिशातून काढून दाखवला होता. त्यात ‘आमची स्नेहलता’ होती. एकतीस वर्षांपूर्वी दूरदर्शनवर एकदाच लागलेली, बाबांनी लिहिलेली आणि आमच्याच घरात चित्रित झालेली टेलिफिल्म. कुणा हौशी माणसानं जुन्या कॅसेटवरून ती इंटरनेटवर चढवली होती आणि ती नंदूच्या ऑफिसातल्या कुणाला तरी सापडली होती.

“आई, तुला नीट दिसतंय ना?” चारूनं विचारलं.

“दिसेल की. आधी चालू तर करा,” आई म्हणाली.

आई दिवाणावर लोडाला टेकून बसली होती. ऐंशी वर्षांची, दम्यानं पिचलेली, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत.

दसरा होऊन आठवडा झाला होता. रविवारची दुपार होती. आम्ही तिघं भावंडं एकदम सातारच्या घरात जमलो, असं बाबांच्या वर्षश्राद्धानंतर पहिल्यांदाच घडत होतं. नंदू माझ्याहून सहा वर्षांनी लहान, चारू त्याच्याहून तीन वर्षांनी. ती नाशिकहून आली होती. दोघांचं प्रेम एकाएकी का उतू चाललं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीनं मी हर्णैला निघणार होते.

हर्णैला मी सहा महिन्यांसाठी एक खोली घेतली होती. मे महिन्यात शाळेतून निवृत्त झाले, तीस वर्षांच्या वर गणित शिकवलं, आणि जून महिन्यात नंदूला फोन करून सांगितलं की ऑक्टोबर ते मार्च आई तुझ्याकडं राहील.

“तू काय करणार तिथं?” त्यानं विचारलं होतं.

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“समुद्र बघणार. कंटाळा आला की झोपणार.”

“अगं मग, काही नाही ते इथंच कर की!”

तरी तेव्हा तो हो म्हणाला होता. गणपतीत त्याच्या बायकोची कंबर धरली. पितृपक्षात त्याच्या सोसायटीची लिफ्ट बिघडली. नवरात्रात चारूचा फोन आला, की ताई, आईला या वयात जागा बदलणं मानवेल का गं? आणि आता दोघं पेन ड्राइव्ह घेऊन हजर झाले होते. तरीही खोटं कशाला बोलू, मलाही ती टेलिफिल्म बघायची होती. माझी बॅग कोपऱ्यात भरून तयार होती, आई उद्या नंदूच्या गाडीतून पुण्याला जाणार होती. सव्वा तास बसायला माझं काय जात होतं?

“आली, आली!” चारू ओरडली.

पडद्यावर मुंग्या आल्या, मग एक आडवी रेघ वरून खाली सरकली, आणि मग आमचंच फाटक दिसलं. पाठीमागं सनई. नावं येऊ लागली. ‘कथा-पटकथा : वा. गो. बोकील’ हे आलं तेव्हा आईनं हात जोडले.

“देव आहेत का ते?” मी म्हटलं.

“गेलेल्या माणसाला जोडावेत हात,” आई म्हणाली. “तुला कळायचं नाही.”

बाबा हेडमास्तर होते आणि दिवाळी अंकांतून कथा लिहायचे. त्यातली एक मुंबईच्या कुणा निर्मात्याच्या हाती पडली. त्याला दूरदर्शनसाठी टेलिफिल्म करायची होती आणि खिसा रिकामा होता, म्हणून त्यानं बाबांची गोष्ट घेतली आणि गोष्टीबरोबर आमचं घरही घेतलं. शहाऐंशीच्या फेब्रुवारीत आठ दिवस ती मंडळी आमच्याकडं तळ देऊन होती. त्यांनी दोनदा फ्यूज उडवला, मोरीत विड्या विझवल्या आणि आईच्या हातची पिठलं-भाकरी खाऊन तिला ‘माउली’ म्हणत राहिले. भांडी आमची, पलंगपोस आमचे, आणि स्नेहलता झालेल्या नटीच्या अंगावरच्या तीनही साड्या माझ्या.

“अगं बाई, माझी कढई!” आई म्हणाली. “बघ बघ, कान तुटायच्या आधीची.”

“आणि ते कोण गं, मागं बनियनवर?” चारूनं विचारलं.

“शेजारचे काळे आजोबा,” मी म्हटलं. “त्यांना चार वेळा सांगितलं होतं, शूटिंग चालू आहे, गॅलरीत येऊ नका. प्रत्येक वेळी शर्ट काढून आले.”

आम्ही हसत सुटलो. पुढच्या अर्ध्या तासात हसून हसून पुरेवाट झाली. अठरा वर्षांची चारू हातात बादली घेऊन पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं गेली. त्या एका चालीसाठी तिनं तीन दिवस गच्चीवर सराव केला होता, आणि आता दिसलं की तिनं सरळ कॅमेऱ्याकडं बघत दात काढले होते. स्नेहलताच्या बापाचं काम करणाऱ्या नटाची मिशी एका दृश्यात डावीकडून सुटली होती. स्नेहलताचा भाऊ इंजिनिअरिंगला होता आणि सारखा ‘ताई, माझी फी!’ म्हणायचा. तो नट चाळिशीचा होता.

“हा मी?” नंदू म्हणाला. “हा माझ्या काकासारखा दिसतोय.”

“काम मात्र चोख केलंय,” मी म्हटलं. “प्रत्येक वाक्यात मागतोच आहे काहीतरी.”

नंदूही हसला. तेव्हा मला खरंच बरं वाटत होतं. वाटलं, चला, जाता जाता हे एक चांगलं झालं.

स्नेहलता गुणी होती. असह्य गुणी. पहाटे उठून सडा घालायची, शाळेत शिकवायची, दम्यानं बेजार झालेल्या आईची छाती शेकायची, भावाची फी भरायची, बहिणीच्या केसांत गजरा माळायची आणि हे सगळं करताना गालातल्या गालात हसायची. मी यातलं बरंच काही करत होते, पण हसत वगैरे नव्हते. नटी मात्र आठ दिवस माझं निरीक्षण करून गेली होती. चष्मा मधल्या बोटानं वर सारायची माझी लकब तिनं बरोबर उचलली होती.

टेलिफिल्म जूनमध्ये लागली, तेव्हा आमच्या या खोलीत तीसेक माणसं होती. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. दुसऱ्या दिवसापासून मी गावात स्नेहलता झाले. किराणावाले शेठ म्हणाले, “डोळ्यांत पाणी आलं हो बाई.” आमच्या शाळेत मुलींनी फळ्यावर लिहिलं, ‘आमची स्नेहलता’. लग्नं जमवणाऱ्या गोडबोलेकाकू पूर्वी महिन्यातून दोन स्थळं आणायच्या, त्या माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “तुझ्यासारखी मुलगी पोटी यायला पुण्य लागतं गं,” आणि पुन्हा कधी स्थळ घेऊन आल्या नाहीत. तिचं लग्नाचं मन नाही, हे सगळ्या गावानं टीव्हीवर पाहिलं होतं ना.

“आता गप्प बसा, मुलगा बघायला येतोय,” चारू म्हणाली.

पडद्यावर आमच्या वेताच्या खुर्चीत एक देखणा नट बसला. स्नेहलता पोह्यांची बशी घेऊन आली. तिच्या अंगावर माझी पोपटी साडी होती. तेव्हा ती काळी-पांढरी दिसली होती, आता अगदी झगझगीत पोपटी दिसत होती. ती साडी मी एकदाच नेसले होते, त्याच खोलीत, त्याच खुर्चीसमोर, चित्रीकरणाच्या दोन महिने आधी.

“अय्या ताई!” चारूनं माझा हात दाबला. “हे तर सगळं लाटकरांचं आहे गं! ते नव्हते का आले, पुण्याचे?”

श्रीकांत लाटकर पुण्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होता. पोहे खाता खाता त्यानं मला विचारलं होतं, “गणितात तुम्हाला काय आवडतं?” मी म्हटलं होतं, “सगळ्यांचं उत्तर एकच येतं, ते.” त्याला हसू आलं आणि हसताना पोह्याचा ठसका लागला. त्याच्या आईनं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि तो डोळे पुसत माझ्याकडं बघून हसतच राहिला. मला माणूस आवडला. इतकं साधं होतं ते. पुढं आम्ही एकदा बागेत भेटलो, चारूला बरोबर घेऊन. त्यांच्याकडून होकार आला. बाबा म्हणाले, पत्रिका नीट दाखवून घेतो आणि कळवतो. पत्रिका दाखवण्यात जानेवारी गेला, शूटिंगमध्ये फेब्रुवारी, परीक्षांमध्ये मार्च-एप्रिल. जुलैत एकदा जेवताना बाबा ताटाकडं बघत म्हणाले, “लाटकरांकडून काही नाही. पुण्याची माणसं. दुसरं काही बघितलं असेल त्यांनी.”

मी काही विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती. बाबांना कुणाला तोंडावर काही सांगता यायचं नाही. ते चिठ्ठ्या लिहायचे. साखरेच्या डब्यावर चिठ्ठी, ‘जपून’. नंदूच्या पुस्तकात चिठ्ठी, ‘सिनेमे कमी’. मला कधी चिठ्ठी आली नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

म्हणून मी मनातल्या मनात श्रीकांत लाटकरला शिव्या घातल्या. होकार देऊन गप्प बसणारा भित्रा माणूस. वर्षानुवर्षं घातल्या. रोज नाही, पण आईची रात्रीची औषधं देताना, नंदूच्या लग्नात, चारूच्या डोहाळजेवणात, अशा वेळी न चुकता घातल्या.

“ताई,” नंदू म्हणाला. त्याचं अंग हसण्यानं हलत होतं. “आता सांगायला हरकत नाही. बाबाही नाहीत आणि तूही साठीला आलीस. त्या लाटकराचं पत्र आलं होतं.”

“कधी?”

“हे लागलं ना टीव्हीवर, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. अगं, गंमत ऐक. बाबांनीच त्यांना कार्ड टाकलं होतं, की अमुक दिवशी आमची टेलिफिल्म आहे, सहकुटुंब अवश्य पाहावी. त्या लोकांनी पाहिली. तेच घर, तीच खुर्ची, तीच साडी, आणि पोरगी म्हणते मला लग्न करायचं नाही! त्यांच्याकडं एकच गोंधळ. म्हातारी म्हणे, ही कुठली रीत? नकार द्यायचा तर कार्डावर द्या, टीव्हीवरून कसला कळवता!”

चारू तोंडावर पदर दाबून हसायला लागली. मलाही ओठाशी हसू आलं होतं, ते तिथंच राहिलं.

“थांबव ते,” मी म्हटलं.

नंदूनं रिमोट दाबला. नटाचा पोह्यांचा चमचा हवेत अडकला.

“पत्र कुणाच्या नावावर होतं?”

“तुझ्याच. पण बाबा सगळ्यांचीच पत्रं फोडायचे की.”

“काय लिहिलं होतं?”

“आता एवढं कुठं आठवतंय? हेच, की घरचे सगळे याला तुमचा नकार समजतात, पण मला पटत नाही. गोष्ट वडिलांची आहे, तुमची नाही. आणि मग एकदम हिरोगिरी. येत्या रविवारी सकाळी दहाला सातारा स्टँडवर येतो. हेमलता, तुम्ही स्वतः येऊन तोंडानं नाही म्हणा. तेवढं ऐकलं की मी परत जाईन, पुन्हा त्रास देणार नाही.” नंदू पुन्हा हसला. “बाबा घाबरले. म्हणाले, खरंच येतो का बघून ये. मी गेलो. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो, मिसळ मागवली. आणि खरंच आला गं तो! पांढरा शर्ट, हातात पिशवी. प्रत्येक रिक्षाकडं मान वळवून बघायचा.”

“किती वेळ?”

“मी दोनपर्यंत होतो. नंतर कंटाळलो. पण स्टँडवरचा आपला बंडा म्हणत होता, चारच्या गाडीनं गेला म्हणून.”

तेव्हा नंदू एकवीस वर्षांचा होता, शेवटच्या वर्षाला. लहान पोर नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर चारूनं ‘तो तेव्हा लहान होता गं’ असं चार वेळा म्हणून पाहिलं.

“त्या दिवशी मी कुठं होते?” मी विचारलं.

कुणाला आठवेना. मलाही आठवत नव्हतं. स्टँड आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. रविवार होता, म्हणजे मी घरातच असणार. धुणं, नाहीतर वह्या.

“उन्हात उभा होता बिचारा,” आई म्हणाली. “पावसानं ओढ दिली होती त्या वर्षी.”

मी आईकडं वळले. ती पडद्यावरच्या थांबलेल्या चमच्याकडं बघत होती.

“तुला माहीत होतं?”

“घरात मला माहीत नाही असं काय होतं?” ती म्हणाली. तिच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. “आधीच्या गोष्टीत ती पोरगी शेवटी लग्न करून जायची. मीच ह्यांना म्हटलं, शेवट बदला. ती गेली तर माझ्या छातीचं कोण बघणार? नंदूचं शिक्षण राहिलंय, चारूचं व्हायचंय. तुझ्याशी बोलायचं त्यांना धैर्य होईना. म्हणाले, तोंडावर कसं सांगू? म्हटलं, मग लिहा. लिहिता येतं ना?”

“आणि मी टीव्ही बघून समजून घ्यायचं?”

“घेतलंस की,” आई म्हणाली. “कधी एका शब्दानं बोलली नाहीस. ह्यांना केवढं समाधान होतं त्याचं. शेवटपर्यंत म्हणायचे, हेमाला न सांगता कळतं.”

मला राग आला. काय समजून घेतलं होतं मी? मी ती गोष्ट म्हणून पाहिली होती! नटीनं साडीला हळदीचा डाग पाडला म्हणून मी चिडले होते, एवढाच माझा त्या फिल्मशी संबंध. आणि ही दोन माणसं, बाबा धरून तीन, इतकी वर्षं समजत होती की मला विचारून झालं आहे आणि मी हो म्हटलं आहे.

“चालू कर,” मी नंदूला म्हटलं.

“राहू दे ताई, नंतर बघू.”

“चालू कर. शेवट बघू दे मला.”

शेवट सात-आठ मिनिटांचा होता. मुलाकडचा होकार येतो. घरात आनंदीआनंद. आणि मग याच दिवाणावर, जिथं आई बसली होती तिथंच, स्नेहलताच्या आईला दम्याची उबळ येते. स्नेहलता तिला उठवून बसवते, पाठ चोळते. धाप लागलेली आई विचारते, “पोरी, मला टाकून जाणार?” स्नेहलताचे डोळे भरतात. ती माझ्यासारखा चष्मा वर सारते. “आई, मी कुठ्ठं जायची नाही. हेच माझं सासर आणि हेच माहेर.” समई. सनई. समाप्त.

चारू रडत होती. नंदूनं चष्मा काढून डोळे पुसले. मघाची मिसळ त्याच्या मनातूनही गेली होती. माणसं अशी असतात, सनई वाजली की रडतात.

“काय लिहिलंय बाबांनी,” तो म्हणाला. “खरं सांगू का ताई, ही नटी आता कुठं का असेना. पण तू अजून आहेस. आमच्यासाठी तू स्नेहलताच आहेस.”

“बरं,” मी म्हटलं.

“म्हणून म्हणतो, रागावू नकोस. हर्णै कुठं पळून जात नाही. ही थंडी तेवढी जाऊ दे. आईला तुझ्या हाताची सवय. आमच्याकडं रात्री काही झालं तर माझ्या बायकोला नेब्युलायझर लावता येत नाही, मला ऑफिस…”

“शिकव तिला. सात मिनिटांचं काम आहे.”

“ताई, फक्त थंडीपुरतं गं,” चारू म्हणाली.

मग आईनं हात पुढं केला आणि माझं मनगट धरलं. तिच्या हाताला अजून जोर होता. ती पडद्याकडं बघतही नव्हती. मला वाटत नाही की ती नाटक करत होती. तिला तो प्रश्न तिचाच वाटत असणार. होताही तो तिचाच, बाबांनी तिच्याच तोंडचा उचलला असेल.

“हेमे,” ती म्हणाली, “मला टाकून जाणार?”

“हो,” मी म्हटलं.

आईनं मनगट सोडलं नाही, मी सोडवून घेतलं. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा तीन डब्यांत वेगळ्या केल्या. नंदूच्या बायकोसाठी नेब्युलायझर कसा लावायचा ते कागदावर लिहिलं, आकडे घालून, मुलांना रीत लिहून देतात तसं. तो कागद नंदूच्या हातात दिला. त्यानं तो न वाचता खिशात घातला. त्या रात्री कुणी माझ्याशी बोललं नाही आणि मला छान झोप लागली.

मी हर्णैला गेले. आई पुण्याला गेली. तिला तिथं काहीही झालं नाही. लिफ्ट चालू होती. नंदूच्या बायकोला नेब्युलायझर दुसऱ्या दिवशी जमला. आई पुढं तीन वर्षं जगली आणि भेटेल त्याला सांगत राहिली, की माझ्या थोरलीनं मला म्हातारपणी टाकलं. चारू अजूनही मला मोजूनमापून फोन करते. नंदूच्या घरी लग्नकार्य निघालं की मला पत्रिका पोस्टानं येते. त्यांची स्नेहलता मी मारून टाकली, याचा त्यांना खरोखर शोक झाला आहे, आणि तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही.

हर्णैला मी ठरवल्याप्रमाणं काहीच केलं नाही. सकाळी बंदरावर होड्या यायच्या, त्या बघायच्या. दुपारी झोपायचं. पहिले पंधरा दिवस फार बरं वाटलं. मग एका सकाळी, खिडकीत चहा घेऊन बसले असताना, चौऱ्याण्णव सालची पुण्याची एक दुपार आठवली. ती मी विसरले होते असं नाही. पण तिच्याकडं कधी नीट बघितलं नव्हतं.

गणिताच्या शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी-तिघी व्हरांड्यात डबे उघडून बसलो होतो. पलीकडच्या वर्गातून एक माणूस बाहेर आला. केस कानावर पिकले होते, पण मी त्याला लांबूनच ओळखलं. त्यानंही मला ओळखलं, कारण तो थबकला, एकदा परत फिरला, मग पुन्हा वळून माझ्यापर्यंत चालत आला. त्याच्यावर इतकी वर्षं साठवलेलं सगळं एकदम वर आलं. आठ वर्षं गप्प बसून आता चौकशी करायला आला, असं मला वाटलं.

तो माझ्यासमोर उभा राहिला. हात नुसते खाली सोडलेले. फार हळू, जवळजवळ घाबरत, त्यानं विचारलं, “ओळखलंत का मला?”

मी डब्याचं झाकण लावलं, त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि म्हटलं, “नाही.”

त्यानं मान हलवली, “ठीक आहे” म्हणाला, आणि परत गेला.